जुन्या इंग्रजी शब्दांचा अर्थ लावताना या चुका टाळा

घरातला पासपोर्ट उघडून पाहा. राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती त्यात छापलेली असते: धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावे. 'लेट' म्हणजे 'होऊ देणे' हे आपल्याला शाळेपासून पाठ, त्यामुळे वाक्य उलटेच वाटू लागते. हा 'लेट' वेगळा आहे. त्याचा अर्थ अडथळा. जुन्या इंग्रजीत हे दोन निरनिराळे शब्द होते, पुढे झिजून एकसारखे झाले. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे पडली की पंच 'लेट' पुकारतात, तोही हाच.

जुने इंग्रजी वाचताना सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अनोळखी शब्द आपण कोशात शोधतो, ओळखीच्या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये येशू शिष्यांना सांगतो, लहान मुलांना 'सफर' (suffer) करा, म्हणजे 'येऊ द्या'. दुःख सोसण्याचा तिथे संबंध नाही. 'क्विक अँड द डेड' मधला 'क्विक' म्हणजे चपळ नव्हे, जिवंत. वाक्य अडले की सोप्या वाटणाऱ्या शब्दावर आधी संशय घ्या.

ज्युलिएटच्या 'व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ'चा अर्थ 'रोमिओ, तू कुठे आहेस?' असा अनेकजण सांगतात. 'व्हेअरफोर' म्हणजे 'का'. तू रोमिओच का, वैऱ्याच्या घरातलाच का, हे तिचे दुःख आहे. 'कुठे' म्हटले की त्या ओळीचा जीवच जातो.

'दाउ' प्रार्थनेत येतो म्हणून तो आदरार्थी समजू नका. तो आपला 'तू' आहे. आपण विठ्ठलाला 'तू' म्हणतो, तसेच इंग्रज देवाला 'दाउ' म्हणत. परक्या माणसाला मात्र तो झोंबायचा. १६०३ साली इंग्लंडमधले दरबारी वॉल्टर रॅले यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी 'दाउ' हेच क्रियापद करून त्यांना भर न्यायालयात हिणवले. मराठीत यासाठी अगदी नेमका शब्द आहे: अरेतुरे करणे. इंग्रजी अनुवादकाला तो मिळायचा नाही! स्वतः लिहिताना मात्र 'दाउ हॅस्ट' आणि 'ही हॅथ' हे 'हॅव'च्या जुन्या रूपांचे जोड मोडू नका; 'आय हॅथ' कधीच नव्हते.

दुकानाच्या पाटीवरचे 'ये ओल्ड' हे 'ये' नाही, 'द' आहे. 'टीएच'च्या उच्चारासाठी असलेले 'थॉर्न' नावाचे जुने अक्षर हस्ताक्षरात वायसारखे दिसू लागले आणि छापणाऱ्यांनी वायचाच खिळा वापरला. पुढे नाम असेल तर 'द' वाचा. माणसांना हाक असेल तर तो खरा 'ये', म्हणजे 'तुम्ही लोक'.

दुर्मिळ शब्दांच्या याद्या पाहून शब्द उचलत असाल तर जास्त जपा. १९३४च्या वेबस्टर कोशात 'डॉर्ड' हा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठीवर होते 'डी ऑर डी', म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी. चूक लक्षात आली १९३९मध्ये. म्हणून शब्द सापडला की त्याखाली एखाद्या लेखकाचे वाक्य दिले आहे का, हे आधी बघा. नसेल तर दुसरा कोश उघडा.