थेसिसमधलं पहिलं टेबल: आधी मास्टर चार्ट, मग आर

थेसिस जमा करायची तारीख जवळ आली की पीजीचे विद्यार्थी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. "मॅडम, टेबल वन तेवढं काढून द्या." मी काढून देत नाही, शेजारी बसवून काढायला लावते. अभ्यासातले रुग्ण कसे होते, हे वाचणाऱ्याला त्या टेबलातूनच कळतं, आणि त्यातले निर्णय सॉफ्टवेअर घेत नाही.

सुरुवात एक्सेलमधल्या मास्टर चार्टपासून. एका रुग्णाची एक ओळ. बीपी १२०/८० असं एकाच चौकोनात नको, दोन रकाने करा. वय नुसतं ४५, पुढे 'वर्षे' नको. तपासणी झालीच नसेल तर चौकोन कोरा ठेवा. माझ्या पहिल्या कामात मी अशा जागी ९९९ भरलं होतं. ते सरासरीत मिसळलं आणि टेबल गाईडच्या हातात गेल्यावर चूक कळली. रुग्णांची नावं या फाईलमधून काढून टाका.

आर हे आकडेमोडीचं, संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर; आरस्टुडिओ म्हणजे ते वापरायची सोयीची खिडकी. दोन्ही फुकट मिळतात. आपल्या डेटाला हात लावण्याआधी 'सर्व्हायव्हल' या पॅकेजमधल्या (पॅकेज म्हणजे आरला जोडायचा तयार संच) 'पीबीसी' डेटावर सराव करा. मेयो क्लिनिकमधले यकृताच्या आजाराचे ४१८ रुग्ण आहेत. त्यातल्या ३१२ जणांना चाचणीत डी-पेनिसिलामाइन हे औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, दिलं होतं. 'टेबलवन' पॅकेजच्या 'क्रिएटटेबलवन' या कमांडला सगळे रकाने तसेच दिलेत तर आजाराच्या स्टेजची सरासरी ३.०२ येते. स्टेजची सरासरी काढून काय सांगणार? असे गटांचे रकाने त्याच कमांडच्या 'फॅक्टरव्हार्स' या पर्यायामध्ये द्या, म्हणजे संख्या आणि टक्के मिळतील.

आता बिलिरुबिन बघा. सरासरी ३.२२, एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ४.४१. बिलिरुबिन शून्याखाली जात नाही, तरी एसडी सरासरीहून मोठी. म्हणजे थोड्या रुग्णांचे आकडे फार वर गेलेत. हिस्टोग्राम काढून खात्री करा. प्रिंट करताना 'नॉननॉर्मल' या पर्यायामध्ये त्याचं नाव दिलं की मीडियन (मधला आकडा) १.४ आणि आयक्यूआर (मधल्या निम्म्या रुग्णांची कक्षा) ०.८ ते ३.४ छापून येतं. सर्वसाधारण रुग्ण इथे दिसतो.

टक्केवारीचा छेदही तपासा. त्वचेवरचे स्पायडर, म्हणजे कोळ्याच्या आकाराच्या लाल रक्तवाहिन्या, ९० जणांना, २८.८ टक्के. हे टक्के ३१२ जणांचे आहेत, कारण उरलेल्या १०६ जणांची नोंदच नाही. टेबलाखाली तसं लिहा.

राहिली पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता. औषध आणि प्लासिबो या दोन गटांचं सरासरी वय ५१.४ आणि ४८.६, पी ०.०१८. ०.०५ हून कमी पी दिसली की गट सारखे नाहीत म्हणून विद्यार्थी घाबरतात. पण गट रँडमायझेशनने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, पाडले असतील तर हा फरक योगायोगाचाच, मग तपासायचं काय? चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याच्या कॉन्सॉर्ट २०१० या मार्गदर्शनातही बेसलाइनवर, म्हणजे सुरुवातीच्या माहितीवर, अशी चाचणी करू नका असंच सांगितलं आहे. 'क्रिएटटेबलवन'मधला 'टेस्ट' हा पर्याय बंद करा. वयाचा निकालावर परिणाम होतो का, हा विचार मात्र गाईडबरोबर बसून करा.

टेबल वर्डमध्ये हवं असेल तर 'जीटीसमरी' हे आरचंच दुसरं पॅकेज सोयीचं. फक्त ज्या रकान्यात दहापेक्षा कमी वेगवेगळे आकडे असतात, तो रकाना हे पॅकेज आपणहून गटवार मोजतं, त्यामुळे लहान अभ्यासात प्रत्येक ओळ नजरेखालून घाला.