घरमालकाने परस्पर कुलूप बदलले, तर ताबा परत कसा मागावा

"ताई, मालकनी कुलूप बदली टाकं," असा फोन आला की मी आधी तारीख विचारते. भाडे किती थकले, भांडण कुणी काढले, हे नंतर. जळगाव, अमळनेर, भुसावळच्या कोर्टांत भाडेकरूंचे दावे चालवताना हातचा दावा गेलेला पाहिला, तो बहुतेक वेळा तारखेपायीच.

कुलूप तोडू नका. "घर तुमच्या ताब्यातलं, तोडा आणि शिरा" असा सल्ला देणारा पोलीस ठाण्यात तुमच्यासोबत येत नाही. दाराचा, नव्या कुलपाचा, खिडकीतून दिसणाऱ्या सामानाचा व्हिडिओ घ्या. त्याच दिवशी पोलिसांत लेखी अर्ज द्या. "हे दिवाणी आहे" असे ऐकवतील. ऐकून घ्या, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका.

खरी गोम पुढे आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम ६ सांगते की संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून ज्याला बाहेर काढले, त्याने सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागावा. मालकी कुणाची, हा प्रश्न तिथे येतच नाही. समोर खुद्द मालक असला तरी. पण या मुदतीला उशीरमाफी नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात शिवणकाम करणारी एक बाई आली होती. मी मालकाला नोटीस दिली, उत्तराची वाट पाहिली, पुन्हा नोटीस दिली, चार लोकांत बैठक घेतली. मालक दर वेळी "दिवाळीनंतर बघू" म्हणायचा. दावा लिहायला बसले तेव्हा सातवा महिना लागला होता आणि तिचे मशीन आतच होते. भाडेकरूचा हक्क सिद्ध करून वेगळा दावा लावता आला, पण तो लांबचा रस्ता. तेव्हापासून बोलणी करायची ती दावा दाखल करूनच.

या दाव्यात सिद्ध करायचे ते एवढेच: कुलूप लागले त्या दिवशी ताबा तुमचा होता. करारनामा नाही म्हणून घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. फोनपेवरचे भाडे, गॅसचे पुस्तक, मुलांच्या शाळेतला पत्ता जमवा. त्याहून मोलाचा शेजार. एका दाव्यात समोरच्या आजींनी सांगितले, "सकाळी आम्ही दोघींनी बिबड्या (ज्वारीचे पापड) घातल्या. संध्याकाळी त्या साडीवरच होत्या आणि हिच्या दाराला कुलूप." मालकाचे "घर महिनाभर रिकामे होते" तिथेच पडले.

डिपॉझिट, नुकसानभरपाई या दाव्यात कोंबू नका, वेगळे मागा.

भाडे थकले म्हणून कुलूप लावता येत नाही. मालकाने नोटीस देऊन ९० दिवस थांबायचे, मग कोर्टात जायचे. वीज-पाणी तोडले तर त्याला मनाई करणारे याच भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २९ आहे. कागदावर "लिव्ह अँड लायसन्स" (म्हणजे भाडेकरार नव्हे, नुसती राहण्याची परवानगी) असेल तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नका. तिथले नियम वेगळे आहेत.

दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात. सोबत कोर्ट कमिशनरकडून (कोर्टाने पाहणीसाठी नेमलेला माणूस) सामानाची यादी करून घेण्याचा अर्ज जोडा. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही.

हुकूम झाल्यावर बेलिफ (कोर्टाचा हुकूम बजावणारा कर्मचारी) कुलूप उघडायला येईल, तेव्हा ती यादी हातात घेऊन स्वतः हजर राहा आणि एकेक वस्तू मोजूनच सही करा.