जुनं टॉम अँड जेरी पोरांना दाखवायचं कसं

सुट्टीत खानापूरची भाचरं आली की आमच्याकडं टॉम अँड जेरी चालूच. पण 1940 ते 1952 मधले भाग लावणार असाल तर आधी एकट्यानं बघून घ्या, कारण त्यात घरकाम करणारी काळी बाई आहे, आवाज लिलियन रँडॉल्फचा, आणि तिचं तोंड जवळपास दिसतच नाही, नुसते पाय, चपला नि हातात झाडू. तिथं पॉज करून पोरांना विचारा, हिचं तोंड का नाही दाखवलं? उत्तर लगेच सांगू नका. स्फोट होऊन टॉमचं तोंड काळं, ओठ मोठे होतात तो जोक पण तसलाच, काळ्या लोकांची नक्कल करणाऱ्या जुन्या अमेरिकन स्टेज शोमधनं आलेला. कळत नसलं तर आपलंच उदाहरण द्या की, पुण्यात कुणी आपल्या बेळगावी मराठीची नक्कल करून हसलं तर कसं वाटतंय (मला तर लई राग येतो). पुढं 1960 च्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई काढून घातली, म्हणजे प्रॉब्लेम तिथंच, बाईच गायब! म्हणून मिळाली तर जुनीच कॉपी लावा, जरा बोला, नि मग हसू द्या, मार खाऊन पापडासारखा सपाट झालेला टॉम अजून भारीच आहे.