एपी आर्ट हिस्टरीची शिकवणी लावताय? या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की फोन सुरू होतात. “ताई, तिला सगळं पाठ आहे हो, पण निबंधात मार्कच पडत नाहीत.” पलीकडे बहुधा न्यू जर्सीतली नाहीतर बे एरियातली कुणाची तरी आई असते आणि मागून मुलीचं “आई, प्लीज!” ऐकू येतं. मी एवढंच म्हणते, तिनं लिहिलेलं एक उत्तर पाठवा. आहे तसं, न सुधारता. ते वाचलं की बऱ्याचदा कळतं, पोरगी हुशार आहे, शिकवणी भलत्याच गोष्टीची चाललीय.

अमेरिकेतल्या हायस्कूलमधल्या एपी आर्ट हिस्टरीबद्दल बोलतेय. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेत असतानाच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय. कॅल्क्युलसचे ट्यूटर आपल्या लोकांत पैशाला पासरी. या विषयाचा कुणी सापडला की आईवडील हुश्श करतात आणि पुढचं काही न विचारता पैसे भरून मोकळे होतात.

चित्रकलेच्या बाईंना गाठणं

ही सगळ्यात भाबडी चूक. एपी ड्रॉइंग वेगळं, तिथे मुलं स्वतःच्या कामाचा पोर्टफोलिओ देतात. आर्ट हिस्टरीत ब्रश हातात धरायचाच नाही. पाहायचं, आणि पाहिलेलं मुद्देसूद लिहायचं. उत्तम जलरंग करणारी माणसं या परीक्षेच्या निबंधापुढे अडखळलेली मी पाहिली आहेत, आणि सुरेख इंग्रजी शिकवणारी एखादी बाई सहा महिन्यांत हा विषय छान शिकवायला लागलेलीही पाहिली आहे.

अडीचशे कार्डांचा गठ्ठा

अभ्यासक्रमात २५० कलाकृतींची यादी आहे. नामिबियातल्या अपोलो ११ गुहेतल्या चित्रित दगडांपासून आय वेवे या चिनी कलाकाराच्या चिनीमातीच्या सूर्यफूल-बियांपर्यंत. यादी दिसली की आपल्या घरांत पाढ्यांची सवय जागी होते. नाव, कलाकार, साल, माध्यम, की झालं! मुलगी कार्डं फटाफट उलटते, आई खूश, ट्यूटरही खूश.

आता पेपर बघा. तीन तासांचा. पहिल्या तासात ८० मल्टिपल चॉइस, त्यांना निम्मं वजन. उरलेल्या दोन तासांत ६ लेखी प्रश्न, उरलेलं निम्मं वजन. लेखीतला पहिला प्रश्न तुलनेचा, ८ गुणांचा. दुसरा ६ गुणांचा, बाकीचे चार प्रत्येकी ५ गुणांचे. कलाकृती ओळखण्याला यात थोडेच गुण. बाकीचे गुण कसले? ती अशी का घडवली, कुणासाठी, कुठे ठेवायला, आणि हे तुला तिच्याकडे बघून कसं कळतं, याचे. कार्डावर हे मावत नाही. कार्डं फेकून द्या असं मी म्हणत नाही, पण त्यासाठी ट्यूटरला तासाचे पैसे देऊ नका. ते बसमध्ये होतं.

ट्यूटर बोलतोय, मूल ऐकतंय

पहिल्या वर्षी मीसुद्धा हेच केलं. झूमवर तासाला चाळीस स्लाइड, मी रंगात येऊन बोलतेय, समोरचा मुलगा “हो, हो” करतोय. एप्रिलमध्ये त्याला घड्याळ लावून लिहायला बसवलं तेव्हा त्याच्या पहिल्या परिच्छेदात माझीच तीन वाक्यं होती आणि दुसऱ्या परिच्छेदात काहीच नव्हतं. त्याच्याइतकीच मीही नापास झाले होते.

माहिती सांगायला माणूस कशाला हवा? स्मार्टहिस्टरी आणि खान अकॅडमी या साइटींवर या यादीवरचे व्हिडिओ आणि लेख फुकट आहेत आणि ते माझ्या स्लाइडपेक्षा चांगले आहेत. मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, ते तपासायचे निकष आणि विद्यार्थ्यांची नमुना उत्तरंही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर उघडी पडलेली असतात. ट्यूटरचे पैसे द्यायचे ते मुलाचं लिखाण वाचण्यासाठी. तासातला निम्मा वेळ मूल लिहीत किंवा बोलत नसेल, तर तुम्ही एक महागडा व्हिडिओ बघताय.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे ट्यूटरनं सुधारून दिलेला गुळगुळीत निबंध. आईला दाखवायला तो फार छान. मेमध्ये परीक्षेच्या खोलीत ट्यूटर नसतो.

“हे काय, आपलंच तर आहे”

मराठी घरांतली ही खास चूक, म्हणून जरा थांबते.

यादीत अजिंठा-वेरूळ नाहीत, पण सांचीचा स्तूप आहे, खजुराहोचं लक्ष्मण मंदिर आहे, चोळकालीन नटराज आहे, मुघल चित्रकार बिचित्रनं काढलेलं जहांगीर आणि सूफी शेखांचं चित्र आहे आणि ताजमहाल आहे. घरचे म्हणतात, हा भाग सोड, तो येतोच. आणि नेमकं इथेच मुलांचं उत्तर सगळ्यात पातळ होतं. ताजमहालावर “प्रेमाचं प्रतीक” लिहून मुलगा पुढे जातो. चारबाग म्हणजे चार भागांत आखलेली बाग, कालवे, नंदनवनाची कल्पना, बागेच्या मध्यावर न ठेवता टोकाला नदीकाठी उभी केलेली कबर, यातलं एक अक्षर नाही.

नटराजाचं एक उदाहरण जवळून दाखवते. अकरावीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं: शिव नाचतोय, त्याला चार हात आहेत, भोवती ज्वाळा आहेत, निर्मिती आणि विनाश दाखवले आहेत. एकही वाक्य चूक नाही, आणि गुण मात्र जेमतेम. मी तिला म्हटलं, मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, खाली बैठकीकडे बघ. बराच वेळ गेला. मग म्हणाली, “मावशी, भोकं आहेत.” कशाला असतील? गप्प. मी विचारलं, मंडळाच्या गणपतीच्या मिरवणुकीत पालखी कशी उचलतात? “दांडे घालून... ओह!”

तिथून तिची गाडी सुटली. गाभाऱ्यातला देव हलत नाही, म्हणून बाहेर पडायला उत्सवमूर्ती लागते. उचलून न्यायची, तर ती धातूची हवी आणि बैठकीला दांडे अडकवायची सोय हवी. मेणाचा नमुना करून, मेण वितळवून ओतलेलं ब्राँझ. चारी बाजूंनी लोक बघणार, म्हणून पाठही तितकीच घडवलेली. आणि मिरवणुकीत रेशीम, फुलं, दागिने यांनी मूर्ती इतकी मढलेली असते की म्युझियममध्ये आपण जिला डोळे भरून बघतो ती उघडी काया भक्ताला फारशी दिसतच नसे. एका भोकावरून रूप, वापर आणि काळ तिन्ही एका धाग्यात आले. हे सगळं तिच्या घरातच होतं. आईनं “ते येतंच” म्हटल्यामुळे कुणी विचारलं नव्हतं.

न्यूयॉर्कजवळ राहत असाल तर मेट म्युझियममध्ये अकराव्या शतकातला चोळ नटराज आहे. त्याच्यासमोर मुलाला अर्धा तास बसवा. सेल्फीनंतर.

पहिल्या पानापासून सुरुवात

अभ्यासक्रमाचे १० भाग आहेत. बरेच ट्यूटर इतिहासपूर्व काळापासून ओळीनं निघतात, ग्रीस-रोममध्ये रमतात, रेनेसाँसमध्ये मुक्काम ठोकतात आणि मार्चअखेर इम्प्रेशनिस्टांशी पोचतात. मग आफ्रिका, आशिया, पॅसिफिक, मूळ अमेरिकी लोकांची कला आणि आजची कला “तू वाचून घे”. पाचव्यापासून दहाव्यापर्यंतच्या या सहा भागांत मिळून ९८ कलाकृती आहेत! शिवाय तुलनेच्या प्रश्नात नेमक्या त्याच कामी येतात. कोंगो लोकांची खिळे ठोकलेली न्किसी न्कोंडी ही आकृती घ्या. प्रत्येक खिळा म्हणजे कुणाची तरी शपथ किंवा करार. “भीतीदायक पुतळा” लिहिणाऱ्या मुलाला हे कळलं की तो युरोपातल्या चर्चमधल्या वेदीवरच्या चित्राशेजारी तिला ठेवून विचार करू शकतो. ट्यूटरला सप्टेंबरमध्येच विचारा, हे भाग कधी घेणार? उत्तर “शेवटी” असेल तर ते होणार नाहीत असं समजा.

यादीबाहेरचं चित्र दिसलं की हातपाय गाळणं

तिसऱ्या आणि पाचव्या लेखी प्रश्नात यादीत नसलेली कलाकृती येते. पाठांतरवाली मुलं इथे कोसळतात आणि घरी येऊन “आउट ऑफ सिलॅबस होतं” म्हणतात. नव्हतं.

सराव सोपा आहे. यादीत मेरी कॅसॅटचं ‘द कॉयफ्यूर’ हे १८९०-९१ मधलं छापचित्र आहे. पॅरिसमधलं जपानी छापचित्रांचं प्रदर्शन बघून तिनं दहा रंगीत छापांची मालिका केली, त्यातलं हे एक. मी त्याच मालिकेतलं ‘द लेटर’ नाव झाकून समोर ठेवते. कुणाचं? आणि मुख्य म्हणजे, कशावरून? सपाट रंग, कापडावरची नक्षी, एकट्या बाईचा खाजगी क्षण, तिरकस टोकानं कापलेली खोली. नाव चुकलं तरी मी रागवत नाही. “वाटलं म्हणून” हे कारण दिलं की मात्र पुन्हा बघायला लावते. आठवड्याला असं एक चित्र पुरतं.

किरकोळ वाटणारं

शाळेत हा विषय नसेल आणि मूल स्वतः अभ्यास करत असेल, तर परीक्षा कुठल्या शाळेत देणार हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच ठरवा. नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी लागते. ट्यूटर लावला आणि केंद्रच नाही, असं एका घरात झालेलं पाहिलं आहे.

२०२५ पासून हा पेपर कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपवर होतो, उत्तरं टाइप करायची असतात. तेव्हा वहीतला सराव पुरेसा नाही. तुलनेच्या निबंधाला साधारण ३५ मिनिटं, दुसऱ्याला २५, बाकीच्यांना प्रत्येकी १५ असा हिशेब आहे. घड्याळाशिवाय लिहिलेला सुंदर निबंध मला पाठवू नका. मला त्यातून काही कळत नाही.

ट्यूटर पारखताना

डिग्री विचारा, अनुभव विचारा, हरकत नाही. पण पैसे भरण्याआधी मुलाचं एक वेळ लावून लिहिलेलं उत्तर, त्यातल्या चुकांसकट, ट्यूटरला पाठवा. सोबत प्रश्न द्या, निकष देऊ नका. ते त्यानं स्वतः काढले पाहिजेत. “छान प्रयत्न, अजून सविस्तर लिही” असं परत आलं तर दुसरा शोधा. “तिसऱ्या ओळीत तू ज्वाळा म्हटल्यास, पण त्या तिथे का आहेत ते लिहिलं नाहीस, म्हणून हा गुण गेला” असं आलं, तर तास कधीचा हवा ते लगेच सांगून टाका. मार्चनंतर अशा माणसांकडे जागा नसते.