नळ आयात करताना प्रवाहाच्या नियमांची तयारी

किमतीवर घासाघीस सुरू करण्याआधी नळ नेमका कुठे बसणार ते पक्कं करा, कारण प्रवाहाची, म्हणजे मिनिटाला किती पाणी यावं याची, मर्यादा त्यावर ठरते. अमेरिकेत १९९४ पासून बेसिनच्या आणि स्वयंपाकघरातल्या नळाला मिनिटाला २.२ गॅलन, म्हणजे साधारण ८.३ लिटर, ही केंद्रीय मर्यादा आहे. टब भरायचा नळ त्यात येत नाही. कॅलिफोर्नियात मात्र घरातल्या बेसिनच्या नळाला १.२ गॅलनच चालतात, त्यामुळे माल कोणत्या राज्यात विकणार हेही आधी ठरलेलं बरं. ऑस्ट्रेलियात तर वेल्स (WELS) या पाणीबचतीच्या लेबल योजनेखाली मॉडेलची नोंदणी झाल्याशिवाय आणि ताऱ्यांचं लेबल लागल्याशिवाय नळ विकताच येत नाही.

मग पुरवठादाराचा चाचणी अहवाल मागवा आणि त्यात सगळ्यात आधी दाब शोधा. किती दाबाला मोजलं हे लिहिलेलं नसेल तर प्रवाहाच्या आकड्याला काही अर्थ नाही. अमेरिकी मर्यादा ६० पीएसआयला, म्हणजे सुमारे ४.१ बारला आहे (पीएसआय आणि बार ही दाबाची एककं). युरोपसाठी नळ बनवणारे कारखाने बहुतेक वेळा ३ बारचा आकडा देतात. तोंडाला साधी जाळी (एरेटर) असलेल्या नळात प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारला ७.५ लिटर देणारा नळ ४.१ बारला ८.८ च्या आसपास जातो, म्हणजे कागदावर पास झालेला नळ प्रयोगशाळेत नापास होतो. जाळीत रबरी रिंगचा फ्लो रेग्युलेटर असेल तर दाब वाढला तरी प्रवाह फारसा वाढत नाही. दोन पैसे जास्त गेले तरी मी तोच घेईन.

पर्चेस ऑर्डरमध्ये नुसता नळाचा मॉडेल नंबर पुरत नाही. एरेटर कोणत्या कंपनीचा, कोणत्या नंबरचा, किती प्रवाहाचा हे लिहा आणि लेखी संमतीशिवाय तो बदलायचा नाही, अशी अट घाला. प्रवाह शेवटी तो इवलासा भागच ठरवतो, आणि कारखान्यात साठा संपला की पहिल्यांदा बदलला जातो तोही तोच.

कागदपत्रांचं काम पुरवठादारावर सोडू नका. अमेरिकी कायद्याच्या नजरेत आयातदार हाच उत्पादक, म्हणून माल विक्रीला काढण्याआधी ऊर्जा विभागाकडे प्रमाणन अहवाल तुमच्या जबाबदारीवर जातो. खोक्यावर प्रवाहाचा दर गॅलन आणि लिटर दोन्हींत हवा. छपाईचा नमुना आधी मागवून वाचा. शिशाचा नियम वेगळा आहे (पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागात भारित सरासरीने जास्तीत जास्त ०.२५ टक्के), पण प्रयोगशाळेत नमुने जाणारच आहेत तर तीही चाचणी त्याच फेरीत उरकून घ्या.

जहाजात माल चढण्याआधी वेगवेगळ्या खोक्यांतून काही नळ काढून प्रेशर गेज, बादली आणि स्टॉपवॉच घेऊन मोजायला लावा. गरम आणि थंड दोन्ही बाजू पूर्ण उघडून मोजा. चुकीचे एरेटर सापडले तर ते तिथेच, कारखान्यात बदलून घ्या. गोदामात पोचल्यावर मनाला येईल तो एरेटर बसवला तर नळ आणि एरेटर यांची ती जोडी चाचणी झालेली राहत नाही, आणि अहवाल नव्याने करावा लागतो.