पोलीस ठाण्यात इंटर्नशिप करायची असेल तर: खान्देशातला माझा एक महिना

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आटोपली, झाडांना बांधलेले झोके उतरले, माहेरवाशिणी आपापल्या घरी गेल्या आणि त्याच आठवड्यात मी गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात पहिल्यांदा पाऊल ठेवलं. जळगावच्या कॉलेजात विधी शाखेचं तिसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात, आणि आमच्या घरी तर ठाण्याची पायरी त्याहून वाईट मानतात. आईला समजवायला चार दिवस लागले. आता कुणी ज्युनिअर विचारतं, 'ताई, ठाण्यात जाऊ का?', तेव्हा मी लगेच हो म्हणते आणि मग तासभर बोलत बसते. ते तासभराचं बोलणं इथे एकदाच लिहून काढते.

परवानगीचं आधी. माय भारत पोर्टलवर 'स्टुडंट पोलीस एक्सपिरिएन्शियल लर्निंग' नावाचा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे. त्यातून महिनाभरात १२० तास ठाण्यात काम पाहता येतं. तुमच्या जिल्ह्यात नोंदणी सुरू असेल तर ती वाट सरळ आहे. मी मात्र कॉलेजच्या पत्रावर गेले. प्राचार्यांच्या सहीचं पत्र पोलीस अधीक्षकांच्या नावे लिहायचं, त्याला ओळखपत्राची आणि आधारची प्रत जोडायची आणि आवक शिक्का मारलेली पोच स्वतःजवळ ठेवायची. मे महिन्यात जायचं असेल तर पत्र मार्चमध्येच द्या. पत्रात 'अनुभव घेण्यासाठी' असं मोघम लिहू नका. तारखा, रोजचे तास आणि काय पाहायचंय ते लिहा. मी 'फिर्याद नोंदवण्याची प्रक्रिया' असं लिहिलं होतं. त्या तीन शब्दांमुळे मला पहिल्याच दिवशी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी खुर्ची मिळाली.

ठाण्यात सगळं काम टेबलाटेबलावर वाटलेलं असतं आणि त्या टेबलांची नावं पुस्तकात सापडत नाहीत. दाराशी बसतात ते ठाणे अंमलदार. आलेला माणूस आधी त्यांच्याशी बोलतो, आणि स्टेशन डायरी त्यांच्याच हातात असते. आवक-जावक पाहणारे ते बारनिशी. जप्त केलेल्या वस्तू मुद्देमाल कारकुनाकडे, बंदोबस्ताच्या नेमणुका हजेरी मेजरकडे, गुन्हे शोधायला बाहेर पडणारी ती डीबी. गावं बीटांमध्ये वाटलेली असतात आणि बीट हवालदाराला गावोगावचे पोलीस पाटील फोन करून बातमी देतात. पहिल्या दोन दिवसांत एवढी मंडळी ओळखून घ्या. कुणाला 'साहेब' आणि कुणाला 'दादा' म्हणायचं तेही आपोआप कळतं. महिला पोलिसांना मी ताई म्हणत होते, त्या मला 'वकीलबाई'.

कायद्याची उजळणी करून जा, पण जुनी आणि नवी दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. तरी वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या हवालदाराच्या तोंडी अजून चोरीचं ३७९ आणि फसवणुकीचं ४२० च येतं. संगणकावर मात्र ३०३(२) आणि ३१८(४) भरावं लागतं. सासरच्या छळाचं ४९८अ आता ८५ आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात त्याची, खबर पूर्वी १५४ खाली घेत, आता १७३ खाली घेतात. मी वहीच्या शेवटच्या पानावर अशी वीस कलमं समोरासमोर लिहून नेली होती. दुसऱ्याच दिवशी एका हवालदारदादांनी ते पान मागून घेतलं आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. तिथून पुढे ते मला आपणहून बोलावून शिकवायला लागले.

आता मला खरं जे सांगायचंय ते. सिनेमा पाहून आपल्याला वाटतं की ठाणं म्हणजे धावपळ आणि दरडावणी. मी महिनाभर पाहिलं ते लिहिणं. माणूस घाबरलेला, चिडलेला, अर्धं आधीचं आणि अर्धं नंतरचं सांगणारा असतो. त्याचं बोलणं कागदावर कसं उतरतं, यावर पुढचा तपास, जामीन आणि खटला उभा राहतो. तुम्हाला शिकायचं असेल तर हे शिका.

पहिल्या आठवड्यात एक म्हातारे आबा आले. धोतर, डोक्याला रुमाल, हातात कापलेल्या वायरीचा वीतभर तुकडा. तो तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "रातले मन्ही केबल कापी लई ग्यात." विहिरीवरच्या मोटारीची केबल. आपल्या भागात ही चोरी नेहमीची. चोर केबल ओढून नाल्यात नेतात, वरचं प्लास्टिक जाळतात आणि आतलं तांबं भंगारात विकतात. शेतकऱ्याची मात्र भर उन्हाळ्यात मोटार बंद पडते आणि पीक वाळायला लागतं.

हवालदारदादांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "कितीची होती आबा?" आबा म्हणाले, "व्हई दोन-अडीच हजारनी." दादांचा पेन तिथेच थांबला. मला कारण कळेना. त्यांनी विचारलं, केबल घेतली कधी? मोटार बसवली तेव्हा, पंधरा वर्षं झाली. लांबी किती? आबांनी हातांनी मोजून दाखवलं, मग म्हणाले विहीर एवढी खोल आणि तिथून मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीपर्यंत एवढं. साठेक मीटर भरत होती. दादांनी बाजारातल्या मोटारीच्या दुकानदाराला फोन लावून तसल्याच केबलचा आजचा भाव विचारला. हिशेब सात हजारांच्या वर गेला. पावती आबांकडे नव्हती, आणि पावती नाही म्हणून फिर्याद अडत नाही हेही मी तिथेच शिकले.

दादांनी मला नंतर समजावलं. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला, वस्तू परत केली तर, समाजसेवेची शिक्षा आहे आणि तो प्रकार अदखलपात्र धरला आहे. अदखलपात्र म्हणजे एनसी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. आबांच्या तोंडून निघालेला पंधरा वर्षांपूर्वीचा आकडा जसाच्या तसा उतरवला असता, तर त्यांच्या हातात एनसीचा कागद पडला असता. दादांनी आकडा फुगवला नाही, खरी किंमत शोधली. त्या पाच मिनिटांत मी कलम ३०३ जितकं शिकले, तितकं अख्ख्या सत्रात शिकले नव्हते.

त्याच फिर्यादीत माझीही चूक झाली. सरावासाठी मी माझ्या वहीत समांतर लिहीत होते. आबा म्हणाले होते, उजाडताना शेतात गेलो तर पेटी उघडी दिसली. मी लिहिलं, 'सकाळी सहाच्या सुमारास'. दादांनी वही पाहिली आणि विचारलं, "आबांनी घड्याळ पाहिलं होतं का?" नव्हतं पाहिलं. "मग उद्या उलटतपासणीत वकील विचारेल, सहा वाजता की साडेपाचला? आणि आबा गोंधळतील. बेटा, माणूस उजाडताना म्हणतो तर उजाडतानाच लिहावं." मी ते खोडून वर 'उजाडताना' लिहिलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

दुपारी पंचनाम्याला शेतात गेलो. पाय भाजत होते. टोपी, उपरणं, मोठी पाण्याची बाटली आणि पायात बूट एवढं हवंच. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात चपलेवर शेतात जाऊ नका. पंचनाम्यात दिशा फार महत्त्वाच्या: विहिरीच्या पूर्वेला काय, पश्चिमेला कुणाचं शेत, पेटी किती पावलांवर, कापलेलं टोक कुठे लोंबतंय. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय, त्यामुळे नाल्यातल्या राखेजवळचे प्लास्टिकचे गोळे उचलताना एक शिपाई मोबाइल धरून उभा होता. मी बाजूला उभी राहून फक्त पाहिलं. पंच म्हणून सही करायला कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. पंच झालात की साक्षीला यावं लागतं, आणि शिकायला आलेल्याने तपासाच्या कागदावर नाव घालू नये.

मर्यादा इतरही आहेत. ठाण्यात फोटो काढू नका, कुणाचं नाव घरी सांगू नका, स्वतःच्या वहीत नावाऐवजी 'एक शेतकरी' असं लिहा. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची किंवा लहान मुलाची ओळख उघड करणं हा कायद्यानेच गुन्हा आहे. असं प्रकरण आलं की कुणी सांगण्याची वाट न पाहता उठून बाहेर जायचं. मी तीनदा उठले. एकदा तर बाहेरच्या कडुनिंबाखाली दोन तास बसून होते, आणि तिथे त्या मुलीच्या आजीला पाणी देण्याचं काम मला मिळालं. अकस्मात मृत्यूचे कागद वाचायला मिळतील, कलम १९४ चे. ते वाचून झोप लागत नसेल तर ठाण्यातल्या ताईंशी बोला. त्यांना हे कळतं.

वेळेबद्दल एक सांगते. सकाळची हजेरी दोनदा पाहिली की पुरे. पुढे शक्य असेल तर दुपारी चार ते आठ मागून घ्या. शेतातून, बाजारातून माणसं तेव्हा येतात. लग्नसराईत रात्री दहानंतरच्या डीजेच्या तक्रारी ११२ वर सुरू होतात त्याही ऐकायला मिळतील, पण त्यासाठी रात्री थांबायचा हट्ट धरू नका.

आणि बोली. कॉलेजात प्रमाण मराठीची सवय झालेली असते. माझी आजी अहिराणी बोलायची म्हणून मला ऐकायला अडचण गेली नाही, बोलताना मात्र जीभ अडखळायची. सातपुड्याकडच्या ठाण्यात जाणार असाल तर पावरी आणि भिलोरी बोलणारा कोण आहे ते आधी विचारून ठेवा. समोरचा माणूस आपल्या बोलीत बोलायला लागला की त्याच्या सांगण्यातला क्रम आपोआप लागतो, हे मी रोज पाहिलं.

शेवटच्या आठवड्यात एक बाई दोन बकऱ्या चोरीला गेल्याची फिर्याद द्यायला आल्या. फिर्याद टाइप झाली. ती वाचून दाखवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि ठाण्यात गडबड असली की हेच काम घाईत उरकलं जातं. दादा म्हणाले, "तू वाच, पण त्यांना कळेल असं." मी कागद हातात घेतला आणि ओळ न ओळ अहिराणीत सांगत गेले. बाई मान हलवत होत्या. 'एक काळ्या रंगाची' या ओळीला त्यांनी माझा हात धरला. "काळी नै. कबरी शे ती."

दादांनी ओळ दुरुस्त केली, नवी प्रत काढली, मी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग त्यांनी शाईचा पॅड पुढे केला. बाईंनी अंगठा उमटवला, पदराला पुसला. शेजारी दादांनी लिहिलं, 'निशाणी डावा अंगठा', आणि फिर्यादीची प्रत बाईंच्या हातात दिली. तिचे पैसे लागत नाहीत हे सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोडलं.