डायव्हला निघण्याआधी हवेचा हिशेब कसा मांडायचा

“पन्नास बार शिल्लक ठेवून बोटीवर या.” (बार म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक.) नेत्राणी बेट असो की अंदमान, स्कुबा डायव्हला पाण्यात उतरण्याआधी ही सूचना मिळतेच. सूचना चुकीची नाही. पण बोटीवर पन्नास उरायला हवेत तर तळ कधी सोडायचा, हे त्यात येत नाही. १० मीटरवरून निघायचं असेल तर उत्तर वेगळं, ३० मीटरवरून वेगळं.

मला हे उशिरा कळलं. अंदमानात एका डायव्हला आम्ही ३० मीटरवर होतो. खडकाच्या कपारीत एक मोठा गोबरा मासा होता आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. सिलिंडरचा दाब दाखवणारा गेज हातात घेतला तेव्हा काटा ७० वर. बडीला, म्हणजे जोडीने डायव्ह करणाऱ्या मैत्रिणीला, खूण केली, आम्ही निघालो, व्यवस्थित वर आलो, काहीही झालं नाही. रात्री वही उघडून आकडेमोड केली तेव्हा हात थंड पडले. त्या क्षणी बडीचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारं साधन) बंद पडला असता तर ते ७० बार आम्हा दोघींना पुरले नसते. तेव्हापासून कागदावर हिशेब मांडल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही. तो कसा मांडायचा ते इथे सविस्तर लिहिते.

हे सगळं प्रशिक्षण घेऊन सर्टिफाइड झालेल्यांसाठी आहे. मालवणला प्रशिक्षक हाताला धरून पाण्याखाली नेतात त्या पहिल्या अनुभवासाठी ही गणितं लागत नाहीत. आणि हा लेख वाचून कोर्स टाळता येईल असंही नाही.

एक गैरसमज आधीच दूर करते, कारण बातम्यांत तो कायम छापून येतो. आपल्या पाठीवर ‘ऑक्सिजन सिलिंडर’ नसतो. त्यात आपण श्वासात घेतो तीच हवा असते, २१ टक्के ऑक्सिजनची, गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली श्वासात घेणं धोक्याचं असतं, झटके येऊ शकतात.

पहिलं काम: खोली आणि वेळेची मर्यादा ठरवा

कुठे जायचं, काय बघायचं आणि जास्तीत जास्त किती खोल, हे बोटीवर चढण्याआधी ठरवा. उदाहरणासाठी आपण नेत्राणी घेऊ. मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावरून बोटीने जायचं ते बेट. खोली १८ मीटर ठरवू.

समुद्राच्या पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो. वरच्या हवेचा १ बार धरला तर १० मीटरवर २ बार, १८ मीटरवर २.८ आणि ३० मीटरवर ४ बार होतो. फुप्फुसं भरायला खाली तेवढीच दाट हवा लागते. म्हणजे १८ मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा २.८ पट हवा खर्च होते. पुढचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

दुसरी मर्यादा दाबाखाली शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनची. वर येताना तो बाहेर पडू देण्यासाठी डिकम्प्रेशनचे सक्तीचे थांबे घ्यावे लागू नयेत म्हणून प्रत्येक खोलीला वेळेची कमाल मर्यादा असते. पाडी (PADI) या प्रशिक्षण संस्थेच्या डायव्ह टेबलमध्ये पहिल्या डायव्हसाठी ती १८ मीटरला ५६ मिनिटं आणि ३० मीटरला २० मिनिटं आहे. ही वेळ पाण्याखाली जायला सुरुवात केल्यापासून मोजतात, तळाला पोहोचल्यापासून नाही. डायव्ह कॉम्प्युटर हेच दर क्षणाला मोजत असतो. त्याच दिवशी दुसरी डायव्ह असेल तर मर्यादा बरीच कमी होते, त्यामुळे दुसऱ्या डायव्हची वेळ पहिल्या डायव्हवरून अंदाजाने धरू नका.

दुसरं काम: स्वतःचा श्वासाचा दर काढा

याला डायव्हर मंडळी ‘सॅक रेट’ म्हणतात. आपण पृष्ठभागावर असतो तर मिनिटाला किती लिटर हवा घेतली असती, तो आकडा. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. माझा आणि माझ्या बडीचा आकडा एकाच डायव्हला ५ लिटरने वेगळा येतो.

मोजायची रीत सोपी आहे. १० मीटरवर एका पातळीत राहा, गेज वाचा, दहा मिनिटं नेहमीच्या चालीने पोहा, पुन्हा वाचा. समजा १८० चे १५० झाले. आपल्याकडे सर्रास मिळणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा असतो.

३० बार × ११.१ लिटर = ३३३ लिटर, दहा मिनिटांत
मिनिटाला ३३.३ लिटर
१० मीटरवरचा दाब २ बार, म्हणून ३३.३ ÷ २ = १६.६५

म्हणजे दर १७ लिटर. अपूर्णांक आला की तो नेहमी आपल्याला जड जाईल अशा बाजूला वळवायचा: खर्च वर, वेळ खाली.

हा दर शांत पाण्यातला आहे. प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागले, कॅमेरा सांभाळावा लागला किंवा आदल्या रात्री झोप झाली नसली, तर तोच माणूस २५ वर जातो. घाबरला तर ३० किंवा त्याच्याही वर.

तिसरं काम: परतीची हवा आधी बाजूला काढा, दोघांची

बहुतेक जण हीच पायरी गाळतात. आधी किती वेळ खाली राहायचं ते ठरवतात आणि उरेल त्यात वर येऊ म्हणतात. हिशेब उलटा करायला हवा. आधी वर येण्यासाठी लागणारी हवा काढून ठेवायची, ती आपली नाहीच असं समजायचं, आणि उरलेल्यातून डायव्ह करायची.

ही हवा एकट्याची धरून चालत नाही. सगळ्यात वाईट वेळी, म्हणजे तळ सोडायच्या मिनिटाला, बडीची हवा संपली तर त्याने तुमच्या पिवळ्या ऑक्टोपसमधून, म्हणजे जादाच्या रेग्युलेटरमधून, श्वास घ्यायचा आहे. दोघंही घाबरलेले असणार. म्हणून प्रत्येकी ३० लिटर, दोघांचे मिळून मिनिटाला ६० लिटर धरू.

१८ मीटरवरून वर येण्याचे तीन भाग पडतात. एकमेकांना धरून सावरायला तळावर एक मिनिट. मग मिनिटाला ९ मीटर या वेगाने चढायला दोन मिनिटं. चढताना दाब २.८ वरून १ वर येतो, सरासरी १.९. आणि ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे खबरदारीचा थांबा, तिथे दाब १.५.

तळावर: ६० × २.८ × १ = १६८ लिटर
चढताना: ६० × १.९ × २ = २२८ लिटर
थांब्यावर: ६० × १.५ × ३ = २७० लिटर
एकूण ६६६ लिटर, भागिले ११.१ = ६० बार

आता तो बोटीवर पन्नास उरण्याचा नियम तपासू. सगळं सुरळीत झालं, एकटीच्या १७ लिटरच्या दराने वर आले, तर चढणं आणि थांबा मिळून साधारण १३ बार लागतात. ६० ला निघाले तर बोटीवर ४७ उरतील. म्हणून १८ मीटरसाठी मी ७० लिहिते.

हेच ३० मीटरसाठी करू. तळावर ६० × ४ = २४०. चढायला साडेतीन मिनिटांच्या आत-बाहेर लागतात, आपण ४ धरू: ६० × २.५ × ४ = ६००. थांब्याचे २७०. एकूण १११० लिटर, म्हणजे बरोबर १०० बार. अर्धा सिलिंडर! माझ्याकडे त्या दिवशी ७० होते. हवा संपण्याच्या वेळी सेफ्टी स्टॉप सोडून देता येतो, तो सक्तीचा नसतो. पण तो वगळला तरी ८४० लिटर, म्हणजे ७६ बार लागले असते.

लक्षात असू द्या, बार हे हवेचं माप नाही, दाबाचं आहे. तेच ६६६ लिटर १५ लिटरच्या सिलिंडरमध्ये ४५ बारलाच भरतात. बडीचा सिलिंडर वेगळ्या आकाराचा असेल तर त्याचा आकडा वेगळा काढा.

चौथं काम: उरलेल्या हवेत किती मिनिटं मिळतात

सिलिंडर २०० बारचा, ७० बाजूला काढले, राहिले १३०. म्हणजे १४४३ लिटर. खाली जायला दोन मिनिटं: १७ × १.९ × २, साधारण ६५ लिटर. उरले १३७८. तळावर मिनिटाला १७ × २.८ = ४७.६ लिटर. भागाकार २८.९, म्हणजे २८ मिनिटं.

नायट्रोजनची मर्यादा ५६ होती. खाली जायची दोन मिनिटं धरून आपण ३० च वापरणार. म्हणजे इथे कॉम्प्युटर ओरडण्याच्या खूप आधी हवा थांबवते. कॉम्प्युटर ‘अजून २५ मिनिटं आहेत’ दाखवतोय म्हणून रेंगाळणारे मी पाहिले आहेत. तो आकडा नायट्रोजनचा असतो, हवेचा नव्हे.

बडीचा दर २२ असेल तर तिला २२ मिनिटं मिळतात. मग दोघींची डायव्ह २२ मिनिटांची. जास्त हवा लागणाऱ्याच्या आकड्यावर योजना ठरते, आणि याबद्दल कुणी ओशाळं होऊ नये. दर हा अंगकाठीचा, सवयीचा भाग आहे. प्रवाह असेल आणि दर २५ धरावा लागला तर तीच डायव्ह १९ मिनिटांवर येते.

पाचवं काम: कुठे वळायचं

बोट तुमच्या बुडबुड्यांमागून येणार असेल तर ७० होईपर्यंत पुढे जात राहा. पण नांगराच्या दोरीपाशी परत यायचं असेल तर वापरायची हवा निम्मी करा. १३० चे निम्मे ६५, म्हणून गेजवर १३५ दिसलं की वळायचं. दोघांपैकी कुणाच्याही गेजवर आधी दिसलं तरी. जाताना शक्यतो प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे परतीला पाणी तुमच्या बाजूने असतं.

हे आकडे बोटीवर पुन्हा तपासावे लागतात, कारण सिलिंडर २०० दाखवत असला तरी तो उन्हात पडलेला असतो. दर अंश सेल्सिअसला साधारण ०.६ ते ०.७ बारचा फरक पडतो. डेकवर हाताला चटका देणारा सिलिंडर २७-२८ अंशांच्या पाण्यात गेला की दहाएक बार गळाल्यासारखे दिसतात. हवा गेलेली नसते, पण काटा खाली आलेला असतो, आणि पाण्यात वाचायचा तो काटाच आहे. मी तिथे १९० धरूनच मांडते: वापरायला १२०, त्याचे निम्मे ६०, वळायचं १३० ला.

गेज वाचताना दुसऱ्या हाताने रेग्युलेटर तोंडात धरून तीन-चार श्वास घ्या. काटा स्थिर हवा. प्रत्येक श्वासाला तो खाली जाऊन परत वर येत असेल तर सिलिंडरची चावी पूर्ण उघडलेली नाही. वरती हे चालून जातं, १८ मीटरवर श्वास अडतो.

मग स्लेटवर (पाण्याखाली लिहायच्या पाटीवर) पेन्सिलीने तीन ओळी: कमाल खोली १८, वळायचं १३०, निघायचं ७०. मिनिटं बाजूला. स्लेट बडीला दाखवा आणि त्याच्याकडून आकडे वदवून घ्या. हवेची खूण कशी करायची तेही बोटीवरच ठरवा, कारण शंभरची, पन्नासची खूण प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी असते. पाण्यात दर पाच मिनिटांनी गेज बघा, आणि बघण्याआधी मनात आकडा धरा. १८ मीटरवर १७ च्या दराने पाच मिनिटांत २१-२२ बार जायला हवेत. ३० गेले असतील तर काहीतरी बिनसलंय: प्रवाह, धाप, किंवा कुठून तरी बुडबुडे निघताहेत.

नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) वापरणाऱ्यांनी हवेचा हिशेब असाच करायचा. त्याने वेळेची मर्यादा वाढते, लिटर वाढत नाहीत. उलट खोलीला बंधन येतं. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला, ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बार मर्यादेने, साधारण ३३ मीटर. सिलिंडरवरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, ऑक्सिजनचं प्रमाण स्वतः मोजा.

परतीचा प्रवासही योजनेतच येतो. एका डायव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, आणि एकाच दिवशी अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायला सांगतात. पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशीची दुपार किनाऱ्यावरच घालवा. मालवणहून गाडीने परतणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही, कारण विमान नसतं. पण आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, आणि उंचीचा प्रश्न साधारण ६०० मीटरपासून विचारात घेतात. डायव्ह करून लगेच घाट चढू नका. रात्री मुक्काम करा, मासे खा, सकाळी निघा.

बोटीवर परतलात की अंग पुसण्याआधी चार आकडे लिहा: सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब, सरासरी खोली, मिनिटं. माझ्या मागच्या डायव्हचे होते २००, ६५, १४ मीटर, ४२ मिनिटं. १३५ × ११.१ = १४९८ लिटर; ४२ ने भागून ३५.७, १४ मीटरवरचा दाब २.४, त्याने भागून १५. पाणी त्या दिवशी काचेसारखं होतं आणि प्रवाह नव्हता. पुढच्या डायव्हचा हिशेब मी १७ धरूनच मांडणार आहे.